असेंब्लीला ऑब्जेक्ट दाखवू नका: सी++ आणि नॅस्मचा सांधा जुळवताना

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला मायक्रोप्रोसेसरच्या लॅबमध्ये नॅस्म या असेंब्लरचे (प्रोसेसरच्या सूचना थेट लिहायच्या साधनाचे) चार प्रोग्रॅम बहुतेकांनी लिहिलेले असतात. हेक्सचं बीसीडी करा, धन-ऋण संख्या मोजा, जर्नलवर सही घ्या, विसरून जा. पुढे नोकरीत सगळं सी++ असतं: क्लास, इन्हेरिटन्स, टेम्प्लेट. आणि मग एखाद्या दिवशी प्रोफाइलर (कोडचा वेळ कुठे जातो ते मोजणारं साधन) दाखवतो की निम्मा वेळ एकाच फेरीत (लूपमध्ये) जातोय. तेव्हा ते विसरलेलं नॅस्म आठवतं आणि प्रश्न पडतो, आता हे त्या क्लासमध्ये बसवायचं कसं?

या लेखात ६४-बिट लिनक्स, जीसीसी आणि नॅस्म धरून चाललोय. विंडोज आणि मॅकबद्दल शेवटी थोडं आहे. कोड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिला आहे; फाइलमध्ये टाइप करताना नेहमीच्या लिपीत करायचा.

उदाहरण आपल्या रोजच्या कामातलं घेऊ. यूटीएफ-८ मजकुरात कोडपॉइंट (युनिकोडने क्रमांक दिलेली चिन्हं) किती, हे मोजायचं. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतं. ‘मराठी’ हा शब्द डोळ्यांना तीन अक्षरांचा, पण कोडपॉइंट पाच (म, र, काना, ठ, दीर्घ वेलांटी) आणि बाइट १५. मोजण्याची युक्ती सोपी आहे. चिन्हाचा पहिला बाइट सोडला तर मागून येणारा प्रत्येक बाइट हेक्स ८० ते बीएफ या पट्ट्यात असतो. म्हणजे त्या पट्ट्याबाहेरचे बाइट मोजले की झालं. बाइट धन-ऋण चिन्हासह (साइन्ड) वाचला तर हा पट्टा उणे १२८ ते उणे ६५ असा येतो, म्हणून कसोटी एकाच तुलनेची: बाइट उणे ६५ पेक्षा मोठा आहे का?

आधी असेंब्ली टाळून बघा

हे गंभीरपणे सांगतोय. साधी सी++ फेरी लिहा, ओ३ आणि मार्च-नेटिव्ह हे पर्याय देऊन कंपाइल करा आणि एस पर्यायाने निघालेली असेंब्ली वाचा. पुष्कळदा कंपायलरने फेरी स्वतःच व्हेक्टराइझ (एका सूचनेत अनेक बाइट हाताळणारी) केलेली असते. ती पुरेशी वेगवान नसेल तर इंट्रिन्सिक्स (एकेका प्रोसेसर-सूचनेसाठी कंपायलरने दिलेली फंक्शनं) वापरून बघा. तिथे रजिस्टर वाटपाची डोकेदुखी कंपायलरकडे राहते. आपल्या उदाहरणात कंपायलर अडतो तो एका जागी. बेरीज ६४ बिटांत हवी म्हणून तो प्रत्येक बाइटचा निकाल लगेच रुंद करत बसतो. माणसाला कळतं की काही काळ बाइटमध्येच बेरीज ठेवली तरी चालेल. अशी एखादी गोष्ट, जी तुम्हाला माहीत आहे आणि कंपायलरला सांगता येत नाही, हाताशी असेल तरच पुढे जा.

इनलाइन असेंब्लीबद्दल (सी++ च्या आतच लिहिलेल्या असेंब्लीबद्दल) एवढंच: एक-दोन सूचनांसाठी ठीक आहे. पूर्ण फेरी त्यात लिहिली आणि क्लॉबरच्या यादीत (आपण काय काय बदललं हे कंपायलरला सांगणाऱ्या) एक रजिस्टर किंवा ‘मेमरी’ राहून गेलं, तर डीबग बिल्ड नीट चालतो आणि रिलीज बिल्ड चुकतो. वेगळी फाइल बरी. मात्र वेगळ्या फाइलमधलं फंक्शन कंपायलर इनलाइन करू शकत नाही, त्यामुळे कॉलचा खर्च दर वेळी पडतो. म्हणून असेंब्लीत एक बाइट तपासणारं फंक्शन लिहू नका, अख्खी फेरी लिहा.

सीमा कुठे आखायची

पहिल्या वेळी मी शहाणपणा केला होता. मजकूर नावाचा क्लास होता, त्यात दोनच सदस्य: मजकुराचा पॉइंटर आणि लांबी. मी धिस पॉइंटर (ऑब्जेक्टचा पत्ता) सरळ असेंब्लीकडे दिला. तिथे ऑफसेट ० वरून पॉइंटर उचलला, ऑफसेट ८ वरून लांबी. झकास चाललं. काही महिन्यांनी एका सहकाऱ्याला त्या क्लासवरून दुसरा क्लास काढायचा होता, म्हणून त्याने डिस्ट्रक्टरला व्हर्च्युअल लावलं. एक शब्द. त्याचं काहीच चुकलं नव्हतं.

व्हर्च्युअल आला की कंपायलर ऑब्जेक्टच्या सुरुवातीला व्हीटेबलचा (व्हर्च्युअल मेथडच्या पत्त्यांच्या तक्त्याचा) पॉइंटर ठेवतो आणि बाकी सगळे सदस्य ८ बाइटनी खाली सरकतात. माझी असेंब्ली व्हीटेबललाच मजकूर समजली आणि मजकुराच्या पत्त्याला लांबी. कंपायलरने चूं केलं नाही, लिंकरने नाही. प्रोग्रॅम मात्र वाचत सुटला आणि मॅप नसलेल्या पानावर आपटला. जीडीबी या डीबगरमध्ये रजिस्टर बघितले तेव्हा ‘लांबी’ ५५५५ ने सुरू होणारी हेक्स संख्या दिसली. लिनक्सवर जीडीबीत प्रोग्रॅमचे आणि हीपचे पत्ते सहसा असेच दिसतात. लांबीच्या जागी पत्ता दिसला, की ऑफसेट घसरलाय हे समजावं.

तेव्हापासून माझा शिरस्ता: असेंब्लीला ऑब्जेक्ट दिसताच कामा नये. तिला फक्त पॉइंटर आणि संख्या मिळाव्यात, आणि तिने एक संख्या परत द्यावी. ऑब्जेक्टची मांडणी, मालकी, जन्म आणि मरण हा सगळा कारभार सी++ च्या बाजूला.

हाच नियम लायब्ररीच्या क्लासना दुप्पट लागू. एसटीडी-स्ट्रिंग जीसीसीच्या लायब्ररीत ३२ बाइटची असते, क्लँगच्या लिबसी++ मध्ये २४ ची. स्ट्रिंग-व्ह्यू तर आणखी फसवी. ती १६ बाइटची असल्यामुळे लिनक्सवर दोन रजिस्टरांत मावते आणि वाटतं की थेट द्यावी. पण जीसीसीच्या लायब्ररीत तिच्यात आधी लांबी आणि मग पॉइंटर असतो. लिबसी++ मध्ये बरोबर उलटं. डेटा आणि साइझ ही मेंबर फंक्शनं त्यासाठीच आहेत, त्यांचे निकाल वेगवेगळे पाठवा.

नाव आणि रजिस्टर

सी++ मध्ये फंक्शनचं नाव ऑब्जेक्ट फाइलमध्ये जसंच्या तसं जात नाही. काउंट नावाचं, कॉन्स्ट कॅर पॉइंटर आणि अनसाइन्ड लाँग घेणारं फंक्शन ‘अंडरस्कोर-झेड-५-काउंट-पी-के-सी-एम’ असं होऊन बसतं. ५ म्हणजे नावाची लांबी, पुढे प्रकारांची आद्याक्षरं. असेंब्लीत हे नाव लिहिता येतं, पण कुणी प्रकार बदलला की लिंक तुटते. त्यापेक्षा हेडरमध्ये घोषणेला एक्स्टर्न-सी लावा, नाव साधं राहतं. सोबत नोएक्सेप्टही (हे फंक्शन एक्सेप्शन फेकणार नाही, असं वचन) लावा, त्याचं कारण पुढे येईल. लिंकर ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ म्हणून ओरडला तर दोन्ही ऑब्जेक्ट फाइलींवर एनएम (फाइलमधली नावं दाखवणारं साधन) चालवून नावं ताडून बघा. दहापैकी नऊ वेळा एक्स्टर्न-सी राहिलेलं असतं.

आता करार, म्हणजे फंक्शनने माहिती कुठून घ्यायची आणि उत्तर कुठे ठेवायचं याचे नियम (एबीआय). लिनक्सच्या सिस्टिम-व्ही एबीआयप्रमाणे पहिले सहा पूर्णांक किंवा पॉइंटर आरडीआय, आरएसआय, आरडीएक्स, आरसीएक्स, आर८, आर९ या क्रमाने येतात. दशांश संख्या एक्सएमएम० ते एक्सएमएम७ मध्ये. उत्तर आरएएक्स किंवा एक्सएमएम० मध्ये. आरबीएक्स, आरबीपी, आरएसपी आणि आर१२ ते आर१५ हे रजिस्टर वापरले तर परत करताना होते तसे करून द्यायचे; बाकीचे खुशाल खराब करा.

या करारातली एक बारीक अट भल्याभल्यांना पाडते. ३२-बिट इंट पाठवला तर रजिस्टरच्या वरच्या ३२ बिटांत काय असेल याची काही हमी नाही. बहुतेक वेळा शून्य असतं, म्हणून चाचणीत सापडत नाही. कधीतरी कचरा असतो आणि लांबी अब्जावधीत जाते. लांबीसाठी नेहमी साइझ-टी वापरा, प्रश्नच मिटतो.

पहिलं रूटीन

आधी साधं, एकेक बाइट बघणारं. हेच पुढे शेपटीसाठी, म्हणजे शेवटी उरणाऱ्या बाइटसाठी, लागणार आहे.

मोजणी_साधी:
    एक्सॉर ईएएक्स, ईएएक्स
    टेस्ट आरएसआय, आरएसआय
    जेझेड .संपलं
.फेरी:
    एक्सॉर ईसीएक्स, ईसीएक्स
    सीएमपी बाइट [आरडीआय], -६५
    सेटजी सीएल
    अ‍ॅड आरएएक्स, आरसीएक्स
    इंक आरडीआय
    डेक आरएसआय
    जेएनझेड .फेरी
.संपलं:
    रेट

आरडीआयमध्ये मजकूर, आरएसआयमध्ये लांबी, आरएएक्समध्ये उत्तर. ईसीएक्स शून्य करणारी एक्सॉर तुलनेच्या आधीच हवी, कारण एक्सॉर फ्लॅग बदलते. ती सीएमपी आणि सेटजीच्या मध्ये गेली तर उत्तर कायम शून्य. आणि सेटजी म्हणजे चिन्हासह तुलना. इथे सेटए लिहिलं की साधी इंग्रजी अक्षरं मोजली जाणार नाहीत. ईएएक्स शून्य केला की आरएएक्सचा वरचा अर्धा भाग आपोआप शून्य होतो, त्यामुळे वेगळं काही करावं लागत नाही.

फाइलच्या डोक्यावर तीन गोष्टी घाला. ‘डिफॉल्ट रेल’, कारण आजकालची डिस्ट्रिब्यूशन्स पीआयई (मेमरीत कुठेही चढवता येणारी) एक्झिक्युटेबल बनवतात आणि थेट पत्ता चालत नाही. ‘ग्लोबल मोजणी_साधी:फंक्शन’, म्हणजे पर्फ (लिनक्सचा प्रोफाइलर) आणि जीडीबीला हे फंक्शन आहे हे कळतं. आणि नोट-जीएनयू-स्टॅक नावाचा रिकामा सेक्शन, नोएक्झेक या गुणासह. तो नसला तर लिंकर समजतो की या फाइलला एक्झिक्युटेबल स्टॅक हवा आहे, आणि अख्ख्या प्रोग्रॅमचा स्टॅक तसा करून ठेवतो. २०२२ मध्ये आलेल्या बिनयुटिल्स २.३९ पासून निदान इशारा तरी मिळतो. त्याआधी हे गुपचूप व्हायचं.

बिल्ड सोपा आहे. नॅस्मला एफ पर्यायात ईएलएफ६४ सांगून ऑब्जेक्ट फाइल काढा आणि जी++ च्या लिंकच्या ओळीत ती जोडा. सीमेक (बिल्ड जुळवणारं साधन) असेल तर प्रोजेक्टच्या भाषांत एएसएम-अंडरस्कोर-नॅस्म घाला, मग एएसएम फाइल इतर सोर्ससारखीच यादीत देता येते.

क्लासमध्ये बसवणं

मोजणारा नावाचा अ‍ॅब्स्ट्रॅक्ट क्लास करा. त्यात एकच प्युअर व्हर्च्युअल मेथड, पॉइंटर आणि लांबी घेणारी, आणि एक व्हर्च्युअल डिस्ट्रक्टर. त्यावरून तीन क्लास काढा: शुद्ध सी++ फेरी चालवणारा, साध्या असेंब्लीला बोलावणारा आणि एव्हीएक्स२ च्या (एका वेळी ३२ बाइट हाताळणाऱ्या सूचनांच्या) असेंब्लीला बोलावणारा. असेंब्लीवाल्यांच्या मेथडमध्ये एकच ओळ असते, एक्स्टर्न-सी फंक्शनचा कॉल. एक फॅक्टरी फंक्शन सुरुवातीला बिल्टिन-सीपीयू-सपोर्ट्सला ‘एव्हीएक्स२’ विचारून योग्य तो क्लास निवडतं. एव्हीएक्स२ इंटेलमध्ये २०१३ च्या हॅसवेलपासून आलं, पण स्वस्तातल्या पेंटियम-सेलेरॉनमध्ये पुढेही बरीच वर्षं नव्हतं, त्यामुळे विचारल्याशिवाय वापरू नका. ‘इलीगल इन्स्ट्रक्शन’ने प्रोग्रॅम जागीच मरतो.

व्हर्च्युअल कॉल महाग पडेल ना, असं कुणीतरी विचारतंच. हजारो बाइटमागे एक कॉल आहे, मोजूनही सापडणार नाही. एफएफएमपेग आणि डेव्ह१डी हा व्हिडिओलॅनचा एव्ही१ व्हिडिओ डीकोडर हेच फंक्शन पॉइंटरांच्या तक्त्याने करतात. तो सी मधला प्रकार, आपण तेच काम व्हीटेबलकडून करून घेतो.

एव्हीएक्स२ ची फेरी

एका वेळी ३२ बाइट. उणे ६५ हा आकडा ईएएक्समध्ये घ्या, व्हीमूव्हडीने एक्सएमएम० मध्ये टाका आणि व्हीपीब्रॉडकास्टबीने वायएमएम० भर पसरा. असं केलं की डेटा सेक्शनच लागत नाही. फेरीचा गाभा तीन ओळींचा:

    व्हीमूव्हडीक्यूयू वायएमएम१, [आरडीआय]
    व्हीपीसीएमपीजीटीबी वायएमएम१, वायएमएम१, वायएमएम०
    व्हीपीसबबी वायएमएम२, वायएमएम२, वायएमएम१

तुलना खरी ठरली की त्या बाइटमध्ये सगळे बिट १ होतात, म्हणजे उणे १. ते वजा केलं की बेरीज एकने वाढते. वायएमएम२ मध्ये असे ३२ छोटे मोजणारे बसलेत, प्रत्येक एका बाइटचा. बाइटमध्ये २५५ पर्यंतच मावतं, म्हणून जास्तीत जास्त २५५ फेऱ्यांनंतर (८१६० बाइट) व्हीपीसॅडबीडब्ल्यूने शून्याशी फरक काढून त्यांची ६४-बिट बेरीज करायची, ती वायएमएम३ मध्ये व्हीपीअ‍ॅडक्यूने जमा करायची आणि वायएमएम२ पुन्हा शून्य करायचा.

ही २५५ ची मर्यादा मी आधी विसरलो होतो, आणि चाचणी पास झाली होती. कारण गमतीदार आहे. चाचणीला मी १८ हजार बाइटचा मराठी मजकूर वापरला होता. देवनागरीत तीन बाइटमागे एकच मोजला जातो, त्यामुळे प्रत्येक छोटा मोजणारा तीन फेऱ्यांत साधारण एकदाच वाढतो आणि शुद्ध देवनागरीत २४ हजार बाइटच्या आसपास जाऊन उलटतो. इंग्रजी लॉग फाइल दिल्यावर मात्र ८१९२ बाइटलाच उत्तर कोसळलं. चाचणीत दोन्ही लिप्या असू द्या, आणि एक चांगली लांब फाइलही.

फेरी संपली की वायएमएम३ चे चार तुकडे बेरजेत आणून आरएएक्समध्ये घ्या, उरलेले ३१ पर्यंतचे बाइट साध्या फेरीने मोजा, आणि रेटच्या आधी व्हीझिरोअपर लिहा. ते विसरलं तर उत्तर बरोबरच येतं, पण त्यानंतर चालणारा एसएसई या जुन्या सूचनांचा कोड काही प्रोसेसरवर मंदावतो. म्हणजे तुमच्या फंक्शनमुळे दुसऱ्याचं फंक्शन हळू. शोधायला महाभयंकर.

चाचणी

शुद्ध सी++ वाला क्लास कधीही काढून टाकू नका, तोच पंच. ० ते ३०० पर्यंत प्रत्येक लांबी, सुरुवातीचा पत्ता ० ते ३१ बाइट सरकवून, मजकूर यादृच्छिक, आणि तिन्ही क्लासची उत्तरं सारखी आली पाहिजेत. अ‍ॅड्रेस सॅनिटायझरवर विसंबू नका, असेंब्लीच्या आत त्याला काही दिसत नाही. त्याऐवजी एममॅपने दोन पानं घ्या, एमप्रोटेक्टने दुसरं बंद करा आणि मजकूर पहिल्या पानाच्या अगदी शेवटाला टेकवून ठेवा. एक बाइट जरी पुढे वाचला तरी जागच्या जागी सेगफॉल्ट.

बिघडलं तर जीडीबीत ‘लेआउट एएसएम’ आणि ‘लेआउट रेग्ज’ लावून स्टेपआयने एकेक सूचना चालवा. फंक्शनमध्ये शिरताना आरबीएक्स आणि आर१२ ते आर१५ चे आकडे कागदावर टिपून ठेवा, बाहेर पडताना जुळवा. कागदावरच टिपा, हे माझं म्हातारपणाचं मत.

ऑब्जेक्ट दाखवावाच लागला तर

कधी जुना कोड असतो आणि इलाज नसतो. मेंबर फंक्शनला धिस पॉइंटर गुपचूप पहिला आर्ग्युमेंट म्हणून आरडीआयमध्ये जातो आणि बाकीचे एकेक घर पुढे सरकतात. मेथड मोठा किंवा कॉपी कन्स्ट्रक्टरवाला ऑब्जेक्ट परत करत असेल तर आरडीआयमध्ये त्या उत्तराच्या जागेचा पत्ता येतो आणि धिस आरएसआयमध्ये ढकलला जातो. असेंब्ली ज्या ज्या ऑफसेटवर अवलंबून आहे, त्या प्रत्येकासाठी सी++ च्या बाजूला ऑफसेटऑफसह एक स्टॅटिक-असर्ट लिहा. माझ्याकडे ती एक ओळ असती, तर सहकाऱ्याचा बिल्डच थांबला असता आणि दोघांचाही दिवस वाचला असता.

असेंब्लीतून व्हर्च्युअल मेथड बोलवायची तर आरडीआयमधल्या पत्त्यावरून व्हीटेबल आरएएक्समध्ये घ्या आणि आरएएक्स अधिक ऑफसेटवरच्या पत्त्याला कॉल करा. जीसीसीत व्हर्च्युअल डिस्ट्रक्टर तक्त्यात दोन घरं अडवतो, त्यामुळे तो आधी लिहिलेला असेल तर तुमची पहिली मेथड ऑफसेट १६ वर सापडेल, ८ वर नाही. कॉलच्या क्षणी आरएसपी १६ ने भागला गेला पाहिजे. फंक्शनमध्ये शिरताना परतीच्या पत्त्यामुळे तो ८ ने हललेला असतो, म्हणून एक पुश किंवा ८ वजा करणं पुरतं. हे चुकलं तर प्रोग्रॅम तुमच्या कोडमध्ये मरत नाही, प्रिंटएफच्या पोटात कुठेतरी मूव्हॅप्सवर मरतो.

आणि ती मेथड एक्सेप्शन फेकणारी असेल तर मध्येच थांबा. नॅस्म अनवाइंडची (एक्सेप्शन आलं की एकेक फंक्शन मागे कसं जायचं याची) माहिती बनवत नाही, त्यामुळे एक्सेप्शन असेंब्लीच्या फ्रेमपाशी पोचलं की रस्ता संपतो आणि टर्मिनेट होतो. जीएनयू असेंब्लरमध्ये सीएफआय सूचना हाताने लिहून हे साधता येतं, पण मेथड नोएक्सेप्ट करून एरर कोड परत देणं कितीतरी कमी कष्टाचं.

विंडोज आणि मॅक

६४-बिट विंडोजवर आर्ग्युमेंट आरसीएक्स, आरडीएक्स, आर८, आर९ मध्ये येतात, आरडीआय आणि आरएसआय जपावे लागतात, एक्सएमएम६ पासून पुढचेही जपावे लागतात, आणि कॉल करताना स्टॅकवर ३२ बाइटची मोकळी जागा (शॅडो स्पेस) सोडावी लागते. आपली एव्हीएक्स फेरी वायएमएम० ते वायएमएम५ मध्येच बसवली, तर बदल सुरुवातीच्या आणि शेवटच्या मोजक्या ओळींपुरता राहतो. मायक्रोसॉफ्टच्या ६४-बिट कंपायलरमध्ये इनलाइन असेंब्ली मुळात नाहीच, त्यामुळे वेगळी फाइल ठेवल्याचा इथे फायदाच.

इंटेलच्या मॅकवर नावाच्या आधी एक अंडरस्कोर जोडावा लागतो. एम१ पासूनच्या मॅकवर प्रोसेसर आर्म आहे, तिथे यातली एकही सूचना थेट चालणार नाही. सीमेकमध्ये प्रोसेसर बघून एएसएम फाइल यादीतून वगळा. फॅक्टरी शुद्ध सी++ वाला क्लास देते आणि मोजणारा वापरणाऱ्या बाकीच्या कोडला काही बदललंय याचा पत्ताही लागत नाही.